दुपट्यांखालची तार

"ही कसली दोरी बांधताय, भानुदास?"

टाकसाळे सरांनी खालून विचारलं तेव्हा आमचे शिपाई भानुदासमामा शिडीच्या पाचव्या पायरीवर होते. खांद्यावर निळ्या तारेचं भेंडोळं आणि तोंडात दोन खिळे. मी माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर उभी होते, कडेवर पाच महिन्यांची रेवा आणि पायाशी ओल्या दुपट्यांची बादली.

मामांनी शांतपणे खिळे काढून खिशात टाकले. "लेकराचे कपडे वाळवाची दोरी हाये, सर."

"निळी?"

"निळ्यावर लवकर वाळतेत."

सर आमच्या संगणक विभागाचे प्रमुख असले तरी मूळचे विजेचे इंजिनियर. तार आणि दोरी यांतला फरक त्यांना कळत नव्हता असं नाही, पण त्यांचं सगळं लक्ष मामांनी मारलेल्या गाठीकडे होतं. ती ढिली होती आणि ढिली गाठ सरांना सहन होत नसे. त्यांनी मामांना खाली उतरवलं, चपला काढल्या, स्वतः शिडी चढले आणि विजेच्या खांबावर चढणारे लोक मारतात तशी पक्की गाठ मारून खाली आले. आता वादळ आलं तरी हलणार नाही, म्हणाले. अशा रीतीने ज्या तारेने मी सरांच्या डोळ्यांत धूळ फेकणार होते, ती सरांनीच बांधून दिली.

गावाचं नाव सांगत नाही. सर अजून तिथंच राहतात आणि आता त्यांना सगळं ठाऊक असलं तरी शेजाऱ्यांना कळायचं काही कारण नाही. वऱ्हाडातलं तालुक्याचं गाव, गावाबाहेर आमचं तंत्रनिकेतन, तंत्रनिकेतनाच्या मागे कर्मचाऱ्यांच्या चार क्वार्टर्स. वर्ष दोन हजार दोन. मी संगणक प्रयोगशाळेची निर्देशिका होते, म्हणजे वीस मशीन, एक सर्व्हर आणि दीडशे पोरं सांभाळणारी बाई. नोकरी कंत्राटी, दर जूनमध्ये नवी ऑर्डर. नवरा वनखात्यात, पार सिरोंच्याच्या बाजूला, दोन महिन्यांतून एकदा दाढी वाढवून यायचा.

रेवा बाटलीला तोंड लावत नव्हती. चमचा, वाटी, बोंडलं, सगळं करून झालं. मामांची बायको सरूबाई दिवसभर तिला सांभाळायची, पण दुपारी एक वाजला की पोरगी असा सूर लावायची की तो मला खिडकीतून प्रयोगशाळेत ऐकू यायचा. मला फक्त एक ते तीन हवे होते. मी सरांना विचारलं. सर वाईट नव्हते, पण त्यांचे दोन नियम होते. मशीनजवळ माणूस पाहिजे, हा पहिला. आणि सर्व्हरचा कारभार सर्व्हरच्याच कीबोर्डवरून होईल, दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून नाही, हा दुसरा. पोरं आपापल्या मशीनवरून आपापलं काम करत, पण कारभाऱ्याचं लॉगिन एकाच खुर्चीतून. दार एक आणि किल्ली एक, असं सर म्हणायचे.

"काळमेघबाई," ते म्हणाले होते, "एक तर पाळणा सांभाळा, नाही तर प्रयोगशाळा. दोन्हीकडे अर्धं अर्धं नको. पुढच्या जूनला तुमच्या ऑर्डरवर मला सही करायची आहे. ती मी डोळे मिटून करणार नाही."

दमदाटीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. नोकरी सोडायची नव्हती आणि पोरीला रडत ठेवायचं नव्हतं, आणि दोन्ही एकदम होईना म्हणून मी एका दुपारी पावलं मोजली. सर्व्हरपासून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत चौऱ्याऐंशी. मशीन जोडायची निळी तार शंभर मीटरपर्यंत चालते, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं.

पुढचं काम सर जेवायला गेले तेव्हा अर्ध्या तासात उरकलं. दुरून लॉगिन घेणारी सेवा सर्व्हरवर पहिल्यापासून होतीच, नुसती झोपवून ठेवलेली. ती जागी केली. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर तीही आपोआप सुरू व्हावी असं सांगून ठेवलं. मग माझ्या घरच्या एकाच मशीनचा क्रमांक लिहून बाकी सगळ्या जगाला दार बंद केलं. भावाने टाकून दिलेला एक जुना कॉम्प्युटर माझ्याकडे होता, तो स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या टेबलावर मांडला. एक वाजून दहा मिनिटांनी रेवा दूध पीत होती आणि मी एका हाताने माझं नाव टाईप करत होते. पासवर्ड मागितला. दिला. आणि काळ्या पडद्यावर सर्व्हरने मला माझ्याच स्वयंपाकघरात ओळख दिली. मला इतकं हसू फुटलं की रेवा दूध सोडून माझ्याकडे बघायला लागली.

त्यानंतरचे तीन महिने मी आयुष्यातला सगळ्यात आनंदी चोर होते. दुपारी एकला माझी पर्स प्रयोगशाळेतल्या टेबलावर, खुर्चीच्या पाठीला शाल, पंखा चालू. सर डोकावले की मामा सांगायचे, मॅडम आत्ताच इथं होत्या, स्टोअरमध्ये गेल्या असतील. आणि मी वरणाला फोडणी देता देता पोरांवर नजर ठेवायची. कोण कुठल्या मशीनवर बसलंय, काय उघडून बसलंय, सगळं मला पडद्यावर दिसायचं. तिसऱ्या रांगेतल्या वाघाडेने खेळ उघडला की त्याच्या पडद्यावर मी एक ओळ पाठवायची: वाघाडे, खेळ बंद कर. पोरगा दचकून मागे बघायचा तर खुर्चीवर नुसती शाल. आठवड्याभरात अशी शिस्त लागली की विचारू नका. काळमेघ मॅडमना पाठीला डोळे आहेत अशी बोलवा झाली. सरांनी तर विभागाच्या बैठकीत माझं उदाहरण दिलं. मशीनजवळ माणूस असला की असा फरक पडतो, म्हणाले. मी मान खाली घालून चहा पीत राहिले.

तारेवर रोज दुपटी असायची. वाळली तरी मी काढत नसे. सरूबाई म्हणायची, बाई, लोक म्हणतील हिला किती लेकरं हायेत.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा. सकाळी सगळे मॉनिटर पुसायचे, हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, मग बत्तासे वाटून बाराला घरी. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. सरांनी हे तीस वर्षं पाळलेलं. वीस मशीन बंद केली. सर्व्हर मात्र चालू ठेवला, कारण तो बंद केला की उठायला अर्धा दिवस घ्यायचा. त्याचा नुसता मॉनिटर बंद करून कीबोर्डवर लाल कापड टाकलं, वर नारळ.

मी बत्तासे खात घरी निघाले होते तेवढ्यात मामा धावत आले. परीक्षा मंडळाच्या कार्यालयातून फोन होता. तिसऱ्या वर्षाच्या चाचणीचे गुण अजून आलेले नाहीत, दुपारी दोनपर्यंत आले नाहीत तर आमच्या पोरांची हॉल तिकिटं थांबणार आणि जबाबदार व्यक्तीकडून लेखी खुलासा.

जबाबदार व्यक्ती म्हणजे मी. गुण टाईप करून दहा दिवस झाले होते. पाठवायच्या दिवशी रेवाला ताप होता, मी स्वयंपाकघरातून काम करत होते, तिने ओकारी केली, मी उठले आणि नंतर ते डोक्यातून साफ गेलं. म्हणजे ज्या अर्ध्या अर्ध्याची सरांनी ताकीद दिली होती, तेच माझ्या हातून झालं होतं. खुलासा लिहायला बसले तर त्यात काय लिहिणार होते?

मी परत गेले. सर सर्व्हरसमोर चटई टाकून पोथी उघडत होते. पूजेनंतर ते तास-दीड तास तिथंच पाठ करायचे, गार हवेत.

"सर, समजा एखादं तातडीचं काम निघालं तर?"

"समजा निघालं," सर चष्मा लावत म्हणाले, "तर ते समजा उद्या संध्याकाळी होईल. आज मशीनला हात लावायचा नाही."

"हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"नाही."

मी नमस्कार करून घरी आले आणि मशीन चालू केलं. सव्वा वाजला होता. रेवा मांडीवर. लॉगिन झालं, गुणांची फाइल जागेवर होती, पत्ता घातला, पाठव म्हटलं. आणि मग आठवलं की मंडळाला काही पाठवायचं तर सर्व्हर आधी मोडेमवरून फोन लावतो. आणि आमचं मोडेम फोन लावताना मुकाट्याने लावत नसे. आधी टूं टूं करायचं, मग शिट्ट्या घालायचं, मग कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं केकाटायचं. ते सरांच्या डाव्या कानापासून दीड हातावर होतं. मी थांबव म्हणेपर्यंत ते सुरू झालेलं होतं.

तिथं काय झालं ते मामांनी नंतर सांगितलं. सर नवव्या अध्यायात होते. मोडेम केकाटलं, लाल दिवे लुकलुकायला लागले, आतली डिस्क कुरकुर करायला लागली. माळ घातलेला, कुंकू लावलेला, कुणीही न शिवलेला सर्व्हर आपला आपण कामाला लागला. सरांनी पोथी मिटून हात जोडले. मामा म्हणाले, सर, पूजा पावली. सरांनी डोळे मिटून मान डोलावली. साधारण अर्धा मिनिट ते तसेच बसले. मग त्यांच्यातला भाविक संपला आणि विजेचा इंजिनियर उठला. ते सर्व्हरच्या मागे गेले, ओणवे झाले आणि तारा मोजायला लागले. वीस मशीनच्या वीस तारा. एकविसावी निळी.

मला खिडकीतून दिसलं ते असं. सर अनवाणी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर आले. तारेला बोट लावलं. पहिलं दुपटं उचललं, खाली तार. दुसरं उचललं, खाली तार. सर अतिशय टापटिपीचे, काढलेलं दुपटं परत कसंतरी टाकणं त्यांना जमेना, म्हणून ते एकेकाची घडी घालून हातावर घेत पुढे येऊ लागले. स्वतः मारलेल्या गाठीपाशी आल्यावर थोडा वेळ थांबले. मी फाइलीकडे बघत होते. निम्मी गेली होती. मी पळूनही कुठे जाणार होते?

सर दारात आले तेव्हा त्यांच्या हातावर अकरा दुपटी होती.

"वाळलीत ही," ते म्हणाले आणि टेबलावर ठेवली. मग पडद्याकडे बघितलं. "किती दिवस?"

"जुलैपासून."

"म्हणजे तीन महिने माझ्या प्रयोगशाळेत माणूस नव्हता."

"होता सर. एक ते तीन नव्हता."

"आणि आज पूजेतल्या मशीनला हात लावलात."

"नाही सर," मी म्हणाले. "हात नाही लावला."

नियमाचा माणूस नियमातच अडकला होता. मी मुद्दाम उद्धटपणा केला नव्हता, भीतीने जे खरं होतं ते तोंडातून गेलं. रेवाने तेवढ्यात भोकाड पसरलं. सर म्हणाले, आधी तिला घ्या. मी तिला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि तिथं मला रडू आलं. नोकरी गेली हे मला कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी सुटल्यासारखंही वाटत होतं. आता एकच सांभाळायचं.

बाहेर आले तर सर माझ्या खुर्चीत बसून फाइल पूर्ण जाईपर्यंत पडदा बघत होते. गेली, म्हणाले. दोनला बारा कमी होते. मग मी सगळं सांगितलं, ताप, ओकारी, विसरले ते, बाटली, सगळं. ते ऐकत राहिले. बराच वेळ एका दुपट्याची कड नीट करत राहिले.

"ही तार उद्या काढून टाका," ते म्हणाले.

"बरं, सर."

"उघडी आहे. वऱ्हाडचं ऊन आहे, उन्हाळ्यात पिचेल. पांढऱ्या नळीतून घ्या. आणि त्या लॉगिनचा पासवर्ड एका पाकिटात घालून माझ्याकडे द्या. तुम्हाला काही झालं तर सर्व्हर अडून बसायला नको."

मी रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मशीनजवळ माणूस पाहिजे," ते उठत म्हणाले. "तो नियम आहेच. पण काम बघता मशीन इथंही आहे असं धरावं लागेल." आणि अनवाणी निघून गेले.

दसऱ्याला त्यांनी रेवाच्या मुठीत आपट्याचं पान दिलं. आठ दिवसांत नळी बसली. जूनपर्यंत थांबावंच लागलं नाही, माझी ऑर्डर जानेवारीतच कायम झाली. सरांनी शिफारसीत लिहिलं होतं, या बाई कुठूनही उपलब्ध असतात.

आणि झालंही तसंच. आधी मी एक ते तीन चोरत होते, आता चोरायची गरज राहिली नव्हती. सगळ्यांनाच ठाऊक होतं की मॅडमच्या घरी सर्व्हर आहे. पोरं पासवर्ड विसरली की माझ्या दारात. ग्रंथालयाचं छपाईचं यंत्र अडलं की मामा चिठ्ठी घेऊन हजर. रविवारी सकाळी प्राचार्यांना कुठलातरी तक्ता हवा असायचा. मी नाही म्हणत नसे. उपकार झाल्यासारखं वाटायचं आणि खोटं कशाला बोलू, मी किती कामाची आहे याची जराशी ऐटही वाटायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. रेवा वर्षाची व्हायला चार दिवस होते. दुपारची वेळ, सरूबाई दळण आणायला गेलेली. रेवा ओट्याच्या पायाला धरून उभी होती, नेहमीसारखी. सर्व्हरची जागा भरत आली होती आणि तिकडे पोरांचं प्रात्यक्षिक चालू होतं. मी एकेक जुनी फाइल शोधून उडवत होते. दारात सावली पडली. मामा रजेवर होते म्हणून सर स्वतःच चिठ्ठी घेऊन आले होते.

"सर, एकच मिनिट हं," मी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "बसा ना."

ते बसले नाहीत. काही बोललेही नाहीत. मी आणखी दोन फाइली उडवल्या, जागा मोकळी झाल्याचं बघितलं आणि मग वळले. रेवा दारात, सरांच्या पायाशी फतकल मारून बसली होती. तिच्या मुठीत सरांच्या पँटची कड. ओट्यापासून दार चांगलं दूर होतं.

"ही तिथं कशी आली?"

"चालत," सर म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"सात पावलं. मध्ये एकदा डुगडुगली, पण पडली नाही."

"सर, मला हाक नाही का मारायची?"

"मारायची होती." त्यांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तोंडातून शब्दच निघेना गं. तीन पोरं झाली मला. एकाचंही बघितलं नव्हतं. दर वेळी कुठल्यातरी पॅनेलसमोर उभा होतो."

ते पहिल्यांदाच मला गं म्हणाले होते. चिठ्ठी त्यांच्या हातातच राहिली. मी रेवाला उचलून परत ओट्यापाशी उभं केलं, हात पसरले, ये ये म्हटलं, खुळखुळा वाजवला. ती हसली, हात सोडला आणि खाली बसली. त्या दिवशी ती पुन्हा चालली नाही. दुसऱ्या दिवशी चालली, पण ते दुसऱ्या दिवसाचं होतं.

मी चार हातांच्या अंतरावर होते. लेकराला पाळणाघरात ठेवून जिल्ह्याला नोकरी करणाऱ्या बायकांचं हे हुकतं असं मी ऐकलं होतं. मी तर त्याच खोलीत होते.

रेवा आता तेवीस वर्षांची आहे. पुण्यात आमच्या घरी तिच्या खोलीत बसून कुठल्यातरी परदेशातले सर्व्हर सांभाळते आणि जेवायला बोलावलं की म्हणते, आई, एकच मिनिट. लहानपणच्या गोष्टी ऐकायचा तिला भारी नाद. दुपट्यांची गोष्ट तर तिने शंभरदा सांगायला लावली असेल. पण 'मी पहिल्यांदा चालले तेव्हा आधी कुठला पाय टाकला, घाबरले होते का, हसत होते का', असं ती विचारायला लागली की मी काहीतरी काम काढून उठते. मग ती टाकसाळे आजोबांना फोन लावते. ते ऐंशीच्या घरात आहेत, कानाला कमी ऐकू येतं, पण ती सात पावलं ते तिला एकेक करून सांगतात. मी शेजारी उभी राहून ऐकते.